व्हॉल्व्हच्या गिटार ॲम्पला चोक लावावा की रेझिस्टर?

धानाची कापणी आटोपली की झाडीपट्टीत नाटकांचे मंडप पडतात. अशा मंडपात व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळ्यांचा) गिटार ॲम्प चालू केला आणि तार छेडायच्या आधीच घुमल्यासारखा आवाज येत राहिला, तर आधी पॉवर सप्लायचा फिल्टर तपासावा.

50 हर्ट्झची वीज डायोडच्या ब्रिजमधून गेली की तिच्यावर 100 हर्ट्झची लहर उरते. पहिला कंडेन्सर ती बरीच दाबतो. उरलेली लहर स्क्रीन ग्रिड (पॉवर व्हॉल्व्हमधली एक जाळी) आणि प्रीॲम्प (गिटारचा बारीक सिग्नल आधी वाढवणारा भाग) यांच्यापर्यंत पोहोचू नये म्हणून पुढे चोक, म्हणजे लोखंडी गाभ्यावरची तारेची गुंडाळी, किंवा रेझिस्टर, आणि त्यानंतर दुसरा कंडेन्सर असतो.

10 हेन्रीच्या चोकची तार साधारण 200 ओहमची धरू. 15 मिलीॲम्पिअरला तिच्यावर फक्त 3 व्होल्ट पडतात, पण 100 हर्ट्झच्या लहरीला तोच चोक जवळपास 6,300 ओहम होऊन अडवतो. तेवढाच रेझिस्टर लावला तर 94 व्होल्ट त्यातच जातील. म्हणून बहुधा 1 किलोओहमवर भागवतात. पुढचा कंडेन्सर 22 मायक्रोफॅरडचा असेल, तर चोक लहर सुमारे 86 पटींनी कमी करतो, 1 किलोओहम 14 पटींनी.

एकाच पॉवर व्हॉल्व्हच्या छोट्या ॲम्पला आम्ही चोकच सुचवू. दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने उलटसुलट काम करतात त्या पुश-पुलमध्ये व्हॉल्व्हच्या प्लेटकडची लहर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकींना मारते, तिथे रेझिस्टर चालतो. जोरात वाजवलं की स्क्रीनचा करंट वाढतो, रेझिस्टरवर व्होल्टेज पडतं आणि सूर किंचित दबून मऊ येतो. काही वादकांना नेमकं हेच हवं असतं. रेझिस्टर 5 वॅटचा वायरवाउंड घ्या आणि बोर्डापासून थोडा उचलून बसवा.

गावात कृषिपंप सुरू झाले की 230 चे 190 व्होल्ट होतात. मग ॲम्पमधला 350 व्होल्टचा डीसी 290 वर येतो. चोक हे भरून काढत नाही, पण स्वतः फार खातही नाही. उलट रात्री 250 झाले तर डीसी 380 वर जातो, आणि व्हॉल्व्ह तापेपर्यंत त्याहून वर. म्हणून कंडेन्सर 500 व्होल्टचेच घ्या.

ट्यूबलाइटचा जुना लोखंडी चोक चालेल का? त्याच्या गाभ्यात फट असते, त्यामुळे डीसीने तो गाभा चुंबकत्वाने लवकर भरत नाही. 40 वॅटचा चोक सव्वा हेन्रीच्या आसपास असतो, म्हणजे 100 हर्ट्झला जेमतेम 800 ओहम. वर्षानुवर्षं तापून त्याचं इन्सुलेशन ठिसूळ झालेलं असतं, ते साध्या मीटरवर कळत नाही. मोटार रिवायंडिंगच्या दुकानात 500 व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) असतो, त्यावर तार आणि गाभा यांच्यामधलं इन्सुलेशन तपासून घ्या. तिथूनच नवा चोक गुंडाळून घेणं जास्त बरं. मात्र ई आणि आय पत्र्या एकाआड एक नकोत: सगळ्या ई एका बाजूला, आय दुसऱ्या बाजूला, मध्ये पातळ कागद. हा कागद घालायचा राहून गेला तर डीसीने गाभा भरतो, हेन्री घसरतात आणि घुमणं परत येतं.

चोक आउटपुट ट्रान्सफॉर्मरपासून लांब, गाभा काटकोनात फिरवून बसवा. हात घालण्याआधी प्लग काढा, कंडेन्सरवर 220 किलोओहमचा 2 वॅटचा रेझिस्टर मिनिटभर धरून ठेवा, पकड इन्सुलेटेड चिमट्याची. मीटर शून्याजवळ आला की मगच पाना घ्या.