पार्श्वभूमी : पराभवानंतरचे एक गाणे

१५ ऑगस्टच्या सकाळी कोल्हापुरात चौकाचौकांत जिलेबीच्या कढया लागतात आणि शेजारच्या कर्ण्यावर जी गाणी वाजतात त्यांत ‘ऐ मेरे वतन के लोगो’ हमखास असते. ध्वजवंदन आटोपून पाव किलो जिलेबी बांधून घेणाऱ्याला ते इतके पाठ असते की शब्दांकडे त्याचे लक्ष जाईलच असे नाही. लक्ष गेले, तर सणाच्या दिवशी आपण एक विलापिका ऐकतो आहोत, हे त्याला जाणवेल.

हे गाणे ज्या पराभवातून आले, त्या १९६२च्या भारत-चीन युद्धाची हकिकत नव्याने सांगण्याचे कारण नाही. २० ऑक्टोबरला सुरू झालेली लढाई २१ नोव्हेंबरला चीनच्या एकतर्फी शस्त्रसंधीने थांबली, तोवर भारताचे सुमारे १,४०० जवान कामी आले होते, त्याहून अधिक बेपत्ता होते आणि चार हजारांच्या आसपास शत्रूच्या कैदेत होते. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पायउतार व्हावे लागले आणि त्यांच्या जागी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण दिल्लीस गेले. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य आपल्याकडे आजही अभिमानाने उच्चारले जाते. सह्याद्री पोहोचला तेव्हा तोफा थंडावत आल्या होत्या, हे मात्र सहसा कोणी जोडून सांगत नाही.

त्या हिवाळ्यात लोकांच्या मनावर पराभवाइतकाच टंचाईचाही भार होता. संरक्षण निधीसाठी सोन्याचे आवाहन झाले आणि देशभर बायकांनी अंगावरचे दागिने उतरवून दिले. पाठोपाठ जानेवारी १९६३मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि १४ कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यास मनाई झाली. कोल्हापूरच्या गुजरीसारख्या सराफी पेठेला याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही. चौदा कॅरटचे सोने कठीण आणि फिकट. कोल्हापुरी साज या दागिन्याच्या बारीक पानांवर ज्याचा हात बसला आहे, त्या कारागिराला ते नकोसेच. देशभरातील हजारो सुवर्णकारांची रोजी या नियमांनी गेली, आणि ज्या सरकारसाठी लोकांनी सोने दिले त्याच सरकारने सोनाराच्या पोटावर पाय आणला, ही बोच राहिली. शुद्धतेचे बंधन १९६६मध्ये उठले; सुवर्ण नियंत्रणाचा कायदा रद्द व्हायला १९९० उजाडले.

हे नियम येऊन तीन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा, २७ जानेवारी १९६३ रोजी, दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये राष्ट्रपती आणि पंतप्रधान यांच्यासमोर हे गाणे प्रथम गायले गेले. कार्यक्रम चित्रपटसृष्टीने जवानांच्या मदतीसाठी योजला होता. गीतकार कवी प्रदीप माळव्यातला होता, आणि परकीयांना हाकलून देणारे त्याचे एक चित्रपटगीत १९४३पासून लोकांच्या तोंडी होते. संगीतकार सी. रामचंद्र नगर जिल्ह्यातला मराठी माणूस होता. गायिका लता मंगेशकर; तिने उमेदवारीची काही वर्षे कोल्हापूरच्या चित्रसंस्थेत काढली होती; तिचे पहिले हिंदी गाणेही एका मराठी चित्रपटातले आणि देशभक्तीचेच होते, म्हणून कोल्हापूरकर या गाण्यावर थोडा हक्क सांगतात. मूळ बेत लता आणि आशा या दोघी बहिणींच्या युगलगीताचा होता. तो का बदलला याच्या कहाण्या एकमेकींशी जुळत नाहीत. पंतप्रधानांचे डोळे भरून आले, ही आठवण स्वतः गायिकेने पुढे अनेकदा सांगितली.

खरा गुंता आहे तो या गाण्याला नाव काय द्यावे याचा. आपल्याकडच्या कार्यक्रमपत्रिकांत ते ‘समरगीत’ किंवा ‘स्फूर्तिगीत’ म्हणून छापले जाते. समरगीत म्हणजे लढाईस निघालेल्यासाठीचे गीत. डफ-तुणतुण्यावरचा पोवाडा ऐकत वाढलेल्या कोल्हापूरच्या कानाला तर वीररस म्हणजे चढा सूर आणि ठसक्याची जी जी रं जी हेच समीकरण ठाऊक. या गाण्यात तसे काहीही नाही. ते तालाविना, संथपणे सुरू होते. घोषणा द्यायच्या तेवढ्या द्या, तिरंगाही फडकवा, असे सुरुवातीलाच सांगून टाकते आणि लगेच घरी न परतलेल्यांकडे वळते. आपल्याकडे दिवाळी होती तेव्हा ते रक्ताची होळी खेळत होते, ही ओळ अलंकार म्हणून ऐकली जाते. पण १९६२ची दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीस, युद्ध चालू असतानाच आली होती, तेव्हा त्या ओळीत तारखेइतके नेमके सत्य आहे. शीख, जाट, गुरखा, मद्रासी यांच्या रांगेत ‘मराठा’ हा शब्द येतो तिथे सैनिकांचे गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सैनिक टाकळीसारख्या गावात मान ताठ होत असेलही, पण ती रांगसुद्धा पडलेल्यांचीच आहे. ‘जय हिंद’चा गजर येतो तो अगदी शेवटी. सारांश, आधी रडू दिले आणि मग उठवले. पराभूत लोकांना त्या महिन्यांत आणखी आरोळ्या नको होत्या, शोक करण्याची उघड मुभा हवी होती, आणि ती या गाण्याने पंतप्रधानांसकट सर्वांना दिली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्याला शोकगीत म्हटल्याने त्याची उंची कमी होत नाही.

हाच प्रश्न साठ वर्षांनी दिल्लीत वेगळ्या रूपाने पुढे आला. प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याची सांगता २९ जानेवारीला विजय चौकात ‘बीटिंग रिट्रीट’ या लष्करी बँडच्या सायंकालीन समारंभाने होते आणि त्यात १९५०पासून ‘अबाइड विथ मी’ ही गांधीजींची आवडती ख्रिस्ती प्रार्थना वाजत असे. २०२०मध्ये ती वगळण्याची चर्चा झाली, पण ती वाजली. २०२२मध्ये मात्र ती वगळली गेली आणि त्या वर्षीच्या धूनमालिकेत ‘ऐ मेरे वतन के लोगो’ आले. देशी धून हवी हा युक्तिवाद चुकीचा नाही. परंतु सांजवेळी मृत्यूचे स्मरण करणारी एक संथ रचना काढून तिच्या जागी दुसरी तितकीच संथ, मृतांचेच स्मरण करणारी रचना आणली, तेव्हा बदल भाषेचा झाला, भावाचा नाही. दोन्ही वाजल्या असत्या तर सोहळा फार तर काही मिनिटे लांबला असता. त्या सायंकाळनंतर आठव्या दिवशी, ६ फेब्रुवारीला, गायिकेचे निधन झाले आणि वादाचे सूर आपोआप खाली आले.

राहता राहिला मानधनाचा विषय. गीतकाराने या गाण्याचे स्वामित्वधन युद्धात वैधव्य आलेल्या स्त्रियांसाठी देऊ केले होते. ते पैसे पोहोचतात की नाही, हा प्रश्न मात्र राहिला. १९९८मध्ये तो गेला. प्रकरण न्यायालयात गेल्यावर २००५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिमुद्रण कंपनीला लष्कराच्या युद्धविधवा निधीत १० लाख रुपये भरण्यास सांगितले. गाणे तोवर ४२ वर्षांचे झाले होते.