घेरी (आंतरकर्णजन्य)

घेरी : आपण स्थिर असताना भोवताल किंवा आपण स्वतःच फिरत असल्याचा भास. कोल्हापुरात ‘डोकं गरगराय लागलंय’ म्हणतात ती हीच. झटकन उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, ती वेगळी; तिचा संबंध बहुधा रक्तदाबाशी असतो. ‘चक्कर’ हा शब्द दोन्हींना चालतो आणि डॉक्टरांपुढे घोळ होतो तो इथेच.

तोलाचे इंद्रिय आंतरकर्णात, ऐकण्याच्या शंखाकृती भागाला लागूनच असते. एकमेकींशी साधारण काटकोनात असलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याची वळणे टिपतात. जवळच्या दोन पिशव्यांना सरळ रेषेतली गती आणि गुरुत्वाकर्षण कळते. त्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक स्फटिक असतात.

नलिकांचे काम पाहायचे तर गौरी-गणपतीतली फुगडी पाहावी. फेर सुरू होताच नलिका डोक्याबरोबर फिरते, आतला द्रव मागे रेंगाळतो आणि केसपेशींवरचा, म्हणजे हालचाल टिपणाऱ्या बारीक केसाळ पेशींवरचा, मऊ पडदा वाकतो. फुगडी एका लयीत रंगली की द्रवही वेग पकडतो. हात सुटतात, डोके थांबते. द्रव मात्र थांबत नाही आणि पडदा उलट वाकतो. तेव्हा मुलीचे डोळे पाहावेत. बुबुळे सावकाश एका बाजूला सरकतात, झटक्याने परत येतात, पुन्हा सरकतात. तिच्या लेखी अंगण अजून फिरतच असते.

गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना गाडी लागते, तिथे कान वळणे मोजत असतो आणि मोबाइलवर खिळलेले डोळे सारे स्थिर असल्याचे सांगत असतात. चालकाला ती सहसा लागत नाही, कारण पुढचे वळण त्याला आधीच ठाऊक असते.

कानात गार वा ऊन पाणी सोडले तरी घेरी येते. आंतरकर्णाच्या अशा अभ्यासासाठी रॉबर्ट बारानी यांना 1914 चे नोबेल मिळाले.

नेहमी आढळणारा विकार म्हणजे पिशवीतले स्फटिक सुटून नलिकेत, बहुधा मागच्या, शिरणे. अंथरुणात कूस बदलताना किंवा माळ्यावरचा डबा काढायला मान वर करताना सगळे गरगरते आणि बहुधा मिनिटाच्या आत थांबते. गोळ्यांनी स्फटिक जागेवर जात नाहीत. डोके ठरावीक क्रमाने वळवून ते परत पिशवीत सरकवतात. ही एपली पद्धत. मेनिएर विकारात घेरी काही तासही टिकते, सोबत कानात गुंजन आणि बहिरेपण येते.

घेरीबरोबर जीभ अडखळली, एकाचे दोन दिसू लागले किंवा हातपाय लुळे पडले तर दुखणे मेंदूचे असू शकते. अशा वेळी तातडीने रुग्णालय गाठावे.