मुळावरची गाठ कापून बघा, आतून गुलाबी आहे का?

हरभरा, सोयाबीन, मूग, कुठलंही द्विदल पीक फुलावर यायला लागलं की एक झाड मातीसकट हळूच खणून काढा (उपटू नका, गाठी तुटून मातीतच राहतात), मुळं पाण्यात धुवा आणि त्यावरची एखादी गाठ नखाने कापून बघा. आतून गुलाबी-लालसर दिसली तर समजायचं की आतले रायझोबियम बॅक्टेरिया, म्हणजे हवेतला नायट्रोजन झाडाला वापरता येईल असा करून देणारे जिवाणू, जोरात कामाला लागलेत. पांढरी किंवा हिरवट निघाली तर त्या गाठीत नत्राचं (म्हणजे नायट्रोजनचं) काम एकतर सुरूच झालेलं नाही नाहीतर संपलंय.

हा गुलाबी रंग मला खरंच भारी वाटतो. हवेत 78 टक्के नायट्रोजन आहे पण त्याचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की झाडाला तो थेट वापरताच येत नाही. खत कारखान्यात तो तोडायला 400-500 अंश तापमान आणि हवेच्या दीडशे-दोनशे पट दाब लागतो, आणि तेच काम हे बॅक्टेरिया साध्या मातीच्या तापमानाला नायट्रोजनेज नावाच्या एन्झाइमने करतात. फक्त या एन्झाइमला ऑक्सिजन अजिबात चालत नाही, आणि बॅक्टेरियाला जगायला तर तो हवाच. मग गाठीत लेगहिमोग्लोबिन तयार होतं, म्हणजे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं भावंडच, ते ऑक्सिजन धरून ठेवतं आणि लागेल तेवढाच पुरवतं. गुलाबी रंग त्याचाच.

हे फुकट होत नाही बरं का. झाड पानात बनवलेली साखर मुळाकडे पाठवतं आणि त्या बदल्यात नत्र घेतं. मुळाभोवतीच्या मातीत बाकीच्या मातीपेक्षा कितीतरी जास्त जीव असतात ते या खाऊमुळेच, आणि मातीच्या या पट्ट्याला हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने 1904 मध्येच रायझोस्फिअर असं नाव दिलं होतं.

गाठी न करणारे बॅक्टेरियाही भरपूर आहेत. स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जिवाणू सेंद्रिय आम्लं सोडतात आणि कॅल्शियमसोबत अडकून पडलेला स्फुरद मोकळा करतात. काही स्युडोमोनास लोह पकडून ठेवतात, त्यामुळे रोगाच्या बुरशीला ते मिळत नाही. अ‍ॅझोस्पिरिलमला लोक नत्रासाठी वापरतात पण त्याचा मोठा फायदा वेगळाच आहे, तो मुळं वाढवणारं हार्मोन सोडतो, पांढरी मुळी वाढते आणि झाड जास्त मातीतून पाणी आणि अन्न ओढतं.

आता जिवाणू संवर्धकाबद्दल, म्हणजे पेरणीआधी बियाण्याला चोळायच्या जिवाणूंच्या पॅकेटबद्दल. पॅकेटमध्ये जिवंत जीव असतात, उन्हात पडलं की मरतात, म्हणून बीजप्रक्रिया सावलीत करायची, बियाणं सावलीतच सुकवायचं आणि लगेच पेरायचं. पिकाप्रमाणे रायझोबियम वेगळं लागतं, सोयाबीनचं हरभऱ्याला लावलं तर गाठी येणार नाहीत, कारण मुळाने सोडलेला रासायनिक निरोप ज्याचा त्यालाच कळतो. आणि माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते सेंद्रिय कर्बाकडे. शेणखत, कंपोस्ट, पिकाचे अवशेष काहीच नसलेल्या कडक जमिनीत बाहेरून सोडलेले बॅक्टेरिया उपाशी पडतात, तिथे आधीच असलेल्या जीवांपुढे टिकत नाहीत, आणि मग दोष मात्र पॅकेटला दिला जातो.