न्यायशास्त्र वकिलाच्या कामाचं नाही (बहुतेक)

माझा भाचा नाशिकला लॉ करतोय. ज्युरिसप्रूडन्सच्या पेपरसाठी वाचनालयातून ‘न्यायशास्त्रा’चं पुस्तक घेऊन आला. उघडलं तर आत डोंगरावरचा धूर (धूर दिसला, म्हणजे तिथे आग असणार), कोर्टाचा पत्ताच नाही. त्याला हवं होतं विधिशास्त्र, म्हणजे कायद्यामागचा तात्त्विक विचार. चूक त्याची नाही. मराठीत न्याय म्हटलं की न्यायाधीशच आठवतो.

न्यायशास्त्राचा मूळ ग्रंथ म्हणजे गौतमाची न्यायसूत्रं. त्यांतला ‘न्याय’ म्हणजे अनुमानाची रीत. एखादी गोष्ट खरी कशावरून, एवढंच तो विचारतो. लक्ष्मणशास्त्री जोशींची ‘तर्कतीर्थ’ ही पदवी याच शास्त्रातली.

गोदेला पूर आला की आपण नाशिककर नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो. पाणी कमरेला लागलं, म्हणजे वर त्र्यंबककडे धो धो पडलाय. न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनाच्या न्यायभाष्यात हेच आहे: नदी फुगलेली पाहून वरच्या पावसाचं अनुमान. त्यावर आक्षेपही आहे, की प्रवाह कुठे अडला तरी पाणी चढतं. (नाशिककर आधी गंगापूर धरणाचा विसर्ग विचारेल.) उत्तर असं, की नुसती पातळी बघू नका, पाण्याची ओढ, फेस, वाहत येणारी पानं-लाकडं बघा.

विधिशास्त्राला याच पुरात दुसरंच दिसतं. इशारा देणं कुणाचं कर्तव्य होतं? सराफ बाजारात पाणी शिरलं तर भरपाईचा हक्क कुठून येतो? मुळात एखाद्या नियमाला कायदा का म्हणायचं?

ऑक्सफर्डमध्ये ही दोन्ही शास्त्रं एकाच काळात नांदत होती. रोनाल्ड ड्वॉर्किन १९६९ पासून विधिशास्त्राचे प्राध्यापक. आणि बिमल कृष्ण मतिलाल १९९१ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, तिथे पौर्वात्य धर्म आणि नीतिशास्त्राच्या स्पॉल्डिंग अध्यासनावर. अध्यासनाचं नाव काहीही असो, माणूस नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचा पंडित. १९३५ चा जन्म, कोलकात्यात पंडितांकडे शिकून तेही तर्कतीर्थ झाले, मग १९६५ मध्ये हार्वर्डची पीएचडी. प्रबंधाचा विषय अभाव. ‘जमिनीवर घडा नाही’ म्हणताना आपल्याला नेमकं काय दिसतं? रिकामी जमीन, की घड्याचं नसणं? नैयायिक म्हणतो, नसणंही दिसतं. मतिलालांनी हा वाद आजच्या पाश्चात्त्य तर्कशास्त्रज्ञांना त्यांच्याच भाषेत समजावला.

एका जागी मात्र दोन्ही शास्त्रं भेटतात: साक्षीदार. विश्वासू माणसाचा शब्द न्यायशास्त्रात प्रमाण. कोर्ट त्याचीही उलटतपासणी घेतं.

भाच्याने पुस्तक अजून परत केलेलं नाही. पेपर विधिशास्त्राचा आहे, हे त्याला दोनदा सांगून झालं.