आधारपृष्ठ आणि धातूचे नॅनोकण

धातूचे काही नॅनोमीटर आकाराचे कण ज्या घन पदार्थावर बसवलेले असतात, त्याला आधारक म्हणतात. ॲल्युमिना, सिलिका, टायटॅनिया, सेरिया (अनुक्रमे ॲल्युमिनियम, सिलिकॉन, टायटॅनियम आणि सेरियम यांची ऑक्साइडे), लोहाची ऑक्साइडे आणि कार्बन हे नेहमीचे आधारक. कणाची घडण, त्यावरचा विद्युतभार, त्याचे आयुष्य आणि उत्प्रेरक म्हणून, म्हणजे स्वतः न संपता रासायनिक क्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ म्हणून, त्याची ताकद आधारकाप्रमाणे बदलते.

पावसाचा थेंब अळूच्या पानावर मोत्यासारखा गोल राहतो, स्वच्छ काचेवर पसरतो. कणाचेही बरेचसे तसेच: आधारकाशी ओढ कमी असेल तर तो गोलसर होतो, जास्त असेल तर चपटा. थेंबाला नसलेल्या कडा आणि कोपरे मात्र या स्फटिकाला असतात, आणि रासायनिक क्रिया पुष्कळदा तिथेच घडते. २ नॅनोमीटरच्या कणातले सुमारे निम्मे अणू पृष्ठभागावर असतात. म्हणूनच बसण्यातला थोडासा फरकही महत्त्वाचा ठरतो.

सोन्याचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. सोने गंजत नाही, काळवंडत नाही. उत्प्रेरक म्हणून ते फारसे कामाचे नाही असेच दीर्घकाळ मानले गेले. १९८७ मध्ये जपानच्या मासाताके हारुता आणि सहकाऱ्यांनी लोह, कोबाल्ट व निकेल यांच्या ऑक्साइडांवरचे सोन्याचे बारीक कण उणे ७० अंश सेल्सियसलाही कार्बन मोनॉक्साइडचे ऑक्सिडीकरण घडवतात हे दाखवले. कृती साधी होती. सोन्याच्या आणि लोहाच्या क्षारांचे द्रावण सोडियम कार्बोनेटमध्ये मिसळायचे, खाली बसलेला साका धुऊन वाळवायचा आणि ४०० अंशांना भाजायचा. त्यातून मिळणारे लोहाचे ऑक्साइड म्हणजे हेमॅटाइट. गोव्यात डिचोली-सांग्याच्या खाणींतून निघून मांडवी-जुवारीतून बार्जने मुरगावला जाणाऱ्या तांबड्या खनिजातले मुख्य संयुग हेच. खाणीचा माल अशुद्ध असल्याने प्रयोगशाळेत ऑक्साइड नव्याने बनवावे लागते. पण ज्यांच्या अंगणात ती धूळ वर्षानुवर्षे बसली, त्यांना या संयुगाची वेगळी ओळख करून द्यायला नको.

कार्बन मोनॉक्साइड सोन्याला चिकटतो, तर ऑक्सिजन सोने आणि ऑक्साइड जिथे भिडतात त्या सीमेवर सक्रिय होतो, असे स्पष्टीकरण बहुतेक संशोधक देतात. सिलिका ऑक्सिजन सहजी देत-घेत नाही, त्यामुळे तिच्यावर सोने सहसा मंद पडते.

आधारक कधी धातूला झाकूनही टाकतो. टॉस्टर, फंग आणि गार्टन यांनी १९७८ मध्ये टायटॅनियावरचे प्लॅटिनमसारखे धातू हायड्रोजनमध्ये ५०० अंशांना तापवले, तेव्हा त्यांची वायू धरण्याची क्षमता जवळजवळ नाहीशी झाली. टायटॅनियाचा ऑक्सिजन काही प्रमाणात निघून जातो आणि उरलेल्या ऑक्साइडचा पातळ थर धातूवर चढतो, हे पुढे स्पष्ट झाले. ऑक्सिजनमध्ये तापवून पुन्हा सौम्य तापमानाला हायड्रोजन दिला, की धातू पूर्ववत होतो.

उष्णतेने कण सरकून एकमेकांत मिसळतात, किंवा लहान कणांचे अणू सुटून मोठ्यांना जाऊन मिळतात. वाहनाच्या धुराड्यातल्या मधपोळ्यासारख्या उत्प्रेरकाला हाच मोठा धोका असतो. तिथे सेरिया प्लॅटिनमला ऑक्सिजनच्या बंधाने धरून ठेवते आणि त्याची वाढ रोखते.