फ्युनिक्युलर म्हणजे रोपवे नव्हे

वणीच्या सप्तशृंगगडावर २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली, म्हणजे दोरानं ओढली जाणारी रुळांवरची गाडी, चालते. तरी दर्शन घेऊन आलेले कितीतरी जण ‘रोपवेनं वर गेलो’ असंच सांगतात. त्यांना दोष देता येत नाही. लॅटिनमध्ये ‘फ्युनिस’ म्हणजे दोर आणि ‘फ्युनिक्युलस’ म्हणजे बारीक दोरी. इंग्रजीतला फ्युनिक्युलर त्यातूनच आला. तारेवर चालणारा तो फ्युनॅम्ब्युलिस्ट, हाही त्याच घरचा. मटार सोलताना दाणा ज्या इवल्याशा देठानं शेंगेला चिकटलेला दिसतो, त्यालाही वनस्पतिशास्त्रात फ्युनिक्युलसच म्हणतात.

तेव्हा दोर दोन्हीकडे आहे, फरक त्याच्या कामात आहे. रायगडाच्या रोपवेचा पाळणा अधांतरी जातो. आतल्या माणसांसकट त्याचा सगळा भार दोरावर. फ्युनिक्युलरचा डबा रुळांवर बसतो. पेलायचं काम रुळांचं, दोरानं फक्त चढताना ओढायचं नि उतरताना धरून ठेवायचं. दोन टोकांना दोन डबे, एक उतरला की दुसरा चढतो, ही युक्ती मात्र काही रोपवेंतही असते, त्यामुळे तेवढ्यावरून ओळखायला जाऊ नका. डब्याखाली रूळ आहेत का, ते बघा.

आता दोन डबे आणि रूळ एकेरी, म्हणजे मधोमध गाठ पडणारच. तिथं रूळ दुभंगतात, पण सांधे बदलावे लागत नाहीत. स्विस इंजिनिअर कार्ल रोमान आब्ट यांनी उत्तर चाकांतच शोधलं. डब्याच्या एका बाजूच्या चाकांना दोन्हीकडून कडा, त्यामुळे ती आपला रूळ सोडतच नाहीत. दुसऱ्या बाजूची चाकं बिनकडांची आणि रुंद. ती रुळातल्या फटींवरून सरळ पुढे जातात. एका डब्याची कडांची चाकं डावीकडे, दुसऱ्याची उजवीकडे, म्हणून दोघं दर वेळी आपापल्या बाजूनंच वळतात. सांधे न बदलणारी अशी वाट स्वित्झर्लंडमध्ये गीसबाखला १८७९ मध्ये आली, चाकांची ही रचना मात्र १८८६ मध्ये लुगानोला. इतकी देखणी यांत्रिक कल्पना मला क्वचितच दिसली आहे.

दरी ओलांडायची असेल तर रोपवेच हवा. फ्युनिक्युलरला पायथ्यापासून माथ्यापर्यंत सलग उतारावर रूळ टाकावे लागतात. तमिळनाडूत पळणीच्या मुरुगन मंदिराच्या टेकडीवर दोन्ही आहेत. रुळांवरच्या गाडीला तिथं ‘विंच’ म्हणतात आणि अधांतरी जाणारीला ‘रोप कार’. वारा जोराचा सुटला की रोप कार थांबवतात.