आत्मप्रतिरक्षित मस्तिष्क-मेरुरज्जुशोथ, प्रायोगिक
प्रयोगशाळेतील प्राण्यांत मुद्दाम घडवून आणलेला मेंदू व मेरुरज्जू यांचा शोथ (दाहयुक्त सूज). यात प्रतिकारयंत्रणेच्या पेशी तंत्रिकातंतूंवरील मायेलिन या मेदयुक्त आवरणालाच परके समजून त्याचा नाश करतात. मल्टिपल स्क्लेरोसिस या मायेलिन नष्ट करणाऱ्या मानवी रोगाच्या अभ्यासात हा नमुना फार वापरला जातो.

याचे मूळ रेबीजच्या लशीत सापडते. सशाच्या वाळवलेल्या मेरुरज्जूपासून केलेली पाश्चर यांची लस (१८८५) टोचलेल्या काहींना पक्षाघात होई. दोष विषाणूचा की लशीतील तंत्रिका ऊतकाचा, याविषयी मतभेद होते. टॉमस रिव्हर्स व सहकाऱ्यांनी १९३३ मध्ये निरोगी सशांच्या मेंदूचा अर्क माकडांना वारंवार टोचला आणि काहींत तसाच रोग उद्भवला. त्यामुळे दुसऱ्या मताला बळ मिळाले. १९४७ च्या सुमारास फ्रॉइंड यांचे सहायक द्रव्य (प्रतिकारप्रतिसाद वाढवणारे मिश्रण) मिसळू लागल्यावर मोजक्या टोचण्या पुरू लागल्या.

रोग प्रतिपिंडांमुळे (रक्तातील संरक्षक प्रथिनांमुळे) नव्हे, तर पेशींमुळे सुरू होतो, हे फिलिप पॅटरसन यांच्या १९६० मधील प्रयोगाने सूचित केले : रोगी उंदरांच्या लसीका ग्रंथींतील पेशी निरोगी उंदरांत सोडल्या, की त्यांनाही रोग होई. १९८१ मध्ये बेन-नून, वेकेर्ले व कोहेन यांनी मायेलिनच्या एकाच प्रथिनाला ओळखणाऱ्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या टी पेशींनी (प्रतिकारयंत्रणेतील एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींनी) तो घडवला. प्रतिपिंडे मायेलिनची हानी वाढवू शकतात.

लसीका ग्रंथींत उद्दीपित झालेल्या टी पेशी अल्फा-४ बीटा-१ इंटिग्रिन या आपल्या पृष्ठभागावरील चिकटण्याच्या प्रथिनाच्या आधारे रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून मेंदू व मेरुरज्जूत शिरतात. तेथे प्रतिजन-सादरकर्त्या पेशींनी मायेलिनचे अंश पुन्हा दाखवले, तरच हल्ला पेटतो आणि रक्तातील मोनोसाइट या पांढऱ्या पेशी ओढल्या जातात. उंदराची शेपटी आधी लुळी पडते, मग मागचे पाय.

नेमक्या कोणत्या टी पेशी दोषी, हा वाद गुंतागुंतीचा आहे. इंटरल्यूकिन-१२ या पेशींमधील संदेशवाहक प्रथिनामुळे घडणाऱ्या टीएच-१ या टी पेशी कारणीभूत मानल्या जात, कारण ते रोखल्यावर रोग टळे. परंतु त्या काळच्या प्रयोगांत रोखलेला इंटरल्यूकिन-१२ चा पी-४० हा घटक इंटरल्यूकिन-२३ या दुसऱ्या संदेशवाहक प्रथिनामध्येही असतो. केवळ इंटरल्यूकिन-२३ नसलेल्या उंदरांना रोग होत नाही, असे २००३ मध्ये दिसल्यावर इंटरल्यूकिन-१७ स्रवणाऱ्या टीएच-१७ पेशी पुढे आल्या. मात्र इंटरल्यूकिन-१७ नसलेल्या उंदरांनाही सौम्य रोग होतो. दोन्ही प्रकारच्या पेशी रोग घडवू शकतात आणि त्यांनी स्रवलेले जीएम-सीएसएफ हे संदेशवाहक प्रथिन अधिक निर्णायक ठरते, हे मत जास्त सयुक्तिक वाटते.

प्राण्यांवरील निष्कर्ष माणसाला सरसकट लागू पडत नाहीत. इंटिग्रिनवरील संशोधनातून नॅटॅलिझुमॅब हे मल्टिपल स्क्लेरोसिसवरील औषध मिळाले. पी-४० रोखणारे प्रतिपिंड मात्र मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये निष्प्रभ ठरले. इंटरफेरॉन-गॅमा हे टीएच-१ पेशींचे संदेशवाहक प्रथिन नसलेल्या उंदरांत रोग बळावतो, तर तेच द्रव्य दिलेल्या मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांत रोग पुन्हा उफाळलेला आढळला.